डोके थंड, डोके कोरडे

९ मार्च, रविवार

सत्यशीला पुण्याला लेकीकडे जाऊन चार दिवस झाले. निकिताची बाळंतपणाची रजा संपली, बाळाला सांभाळायला कोणी नाही, म्हणून पंधरा दिवसांसाठी आजीची रवानगी. पंधरा म्हणजे पंधरा. कॅलेंडरवर २० तारखेला गोल केला आहे.

घरात शांतता. याला म्हणतात वातावरण. तीस वर्षे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या तोलल्या. कानाशी सदैव ट्रॅक्टर. रिटायर झालो तर मिक्सर, सिरीयल, भांडी. अशा गोंगाटात डोके कसे चालणार? आज चालले.

झाले असे की परवा बँकेच्या दारात उन्हात पाऊण तास उभा होतो. मला केस नाहीत, हे मी मान्य करतो. टोपी घातली तर आत घामाचे तळे. काढली तर तवा. तेव्हा लक्षात आले की टोपी करणाऱ्यांनी आजवर फक्त उन्हाचा विचार केला. डोक्याचा कोणी केलाच नाही.

निश्चय: अशी टोपी तयार करायची की डोके (१) थंड राहील आणि (२) कोरडे राहील. नाव: गहिनीकूल. माझे नाव गहिनीनाथ, म्हणून. मुदत: २० मार्च. सत्यशीला रिक्षातून उतरेल तेव्हा दारात टोपी घालून उभा राहीन. काही बोलणार नाही. तिनेच विचारावे.

भात जास्त झाला. तांदूळ मोजताना चूक नाही, भांडेच मोठे आहे.

१२ मार्च, बुधवार

गहिनीकूल-१ तयार. बाजारातली गवती हॅट, आतून वाळ्याचे अस्तर. वाळा कूलरच्या जाळीतून काढला. कूलर तात्पुरता बंद. संशोधनात थोडे सोसावे लागते.

वाळा भिजवून टोपी घातली आणि अंगणात बसलो. सत्यशीलाचा तापाचा डिजिटल थर्मामीटर टोपीत सरकवला. आकडा आलाच नाही! 'लो' अशी अक्षरे आली. म्हणजे डोके इतके थंड झाले की यंत्राला मोजता येईना. 

सात मिनिटांनी पाणी कानामागून मानेत, मानेतून बनियनमध्ये. 

थंड: पास. कोरडे: नापास. एकूण पन्नास टक्के. पहिल्या प्रयत्नाला उत्तम.

१६ मार्च, रविवार

कारभारीबद्दल एकदा लिहून ठेवतो. हा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली करायचा, अजूनही बाजाराच्या दिवशी जातो. बाकीचे दिवस रिकामा. रोज दुपारी चारला माझ्या ओट्यावर येऊन बसतो. चहा घेतो. टोपीबद्दल काही विचारत नाही. विचारतो ते एकच, वहिनी कधी येनार? मी सांगतो, वीस तारखेला. तो म्हणतो, बरं. मग माझ्याकडे बघत बसतो.

असा माणूस समोर बसला की विचारांची साखळी तुटते. उद्या त्याला स्पष्ट सांगणार आहे की माझी कामाची वेळ चार ते सहा आहे.

१७ मार्च, सोमवार

सांगितले नाही. तो लवकर गेला. पावणेसहालाच.

२० मार्च, गुरुवार

सत्यशीलाचा फोन. बाळाला सर्दी आहे, आणखी आठ दिवस लागतील. एका परीने बरे झाले, टोपी अजून पन्नास टक्क्यांवरच आहे.

मी तिला वाळ्याच्या पाझराची अडचण सविस्तर सांगितली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटले विचार करते आहे. नंतर कळले, फोन निकिताच्या हातात होता. निकिता म्हणाली, पप्पा, आई बाळाला झोपवतेय.

कॅलेंडरवर २८ तारखेला नवीन गोल.

२९ मार्च, शनिवार

गहिनीकूल-२. यावेळी आधी कोरडेपणा घेतला. मिक्सरच्या खोक्यातला थर्माकोल किसून अस्तरात भरला. शिलाई शरिफाकडून. मागच्या गल्लीत तिचे लेडीज टेलरिंग आहे, सत्यशीला दुपारी तिच्याकडेच बसायला जायची. शरिफाने विचारले, भाऊ, हे टोपीचं अस्तर आहे का उशीचा अभ्रा? मी म्हटले, दोन्हीच्या मधले काहीतरी. ती हसली नाही. मान खाली घालून शिवत राहिली. मग म्हणाली, ताईशिवाय दुपार सरत नाही. मी म्हटले, शिलाई जरा बारीक घाला, दाणे बाहेर येतील.

दाणे बाहेर आले. घामाने डोक्याला चिकटले. कारभारी म्हणाला, नाना, साबुदाना सांडला व्हय?

काल फोन आला होता. निकिताच्या ऑफिसात मार्चएंड आहे, त्यामुळे सत्यशीलाला निघता येत नाही. येणाऱ्या कोणाबरोबर तरी तिचे दोन स्वेटर पाठवायला सांगितले. मार्चएंडला स्वेटर! पुण्याचे लोक एसी फार लावतात.

४ एप्रिल, शुक्रवार

गहिनीकूल-३ ची जाहीर चाचणी. स्थळ: घोडेगावचा बाजार. जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा टोपीच्या कळसाला, खिशात पॉवरबँक. पाणी नाही, थर्माकोल नाही. निव्वळ हवा.

निकाल तपशीलवार लिहितो, म्हणजे पुढे कोणी चुकीचे सांगायला नको. टोपी उत्तम चालली. डोके थंड आणि कोरडेसुद्धा. दोष बाजाराचा. कारभारी एका गिऱ्हाइकाचा हात रुमालाखाली धरून बोटांनी सौदा ठरवत होता. मी त्याला टोपी दाखवायला अगदी जवळ गेलो. पंख्याच्या घरघरीला गाय बुजली. दावे तोडून चाऱ्याच्या गाडीपर्यंत पळाली. गिऱ्हाईक म्हणाले, असलं भित्रं जनावर आपल्याला नको. आणि गेले.

कारभारी तिच्यामागे धावला. गाय धरून आणली. तिच्या मानेवर बराच वेळ हात फिरवत उभा राहिला. मी म्हटले, आवाज कमी करता येईल. तो म्हणाला, तुमी जावा घरी नाना.

५ एप्रिल, शनिवार

दुपारी ४. कारभारी आला नाही. उत्तम. कामाला वेळ मिळाला.

४.१५. अजून नाही. शांतता.

४.३०. चहा दोन कप झाला. एक कप झाकून ठेवला.

५.१०. झाकलेला प्यायलो. गार चहा उन्हाळ्यात चांगला.

६. काम काही झाले नाही. शांतता फार झाली की एकाग्रता होत नाही. हा नवीन निष्कर्ष.

६ एप्रिल, रविवार

आला नाही. तीन टोप्या तीन हंड्यांवर वाळत घातल्या आहेत. दारातून पाहिले की माजघरात माणसे बसल्यासारखी वाटतात. चांगले वाटते.

९ एप्रिल, बुधवार

दिवस सुवर्णाक्षरांनी लिहावा असा.

चारला कारभारी आला. गुडघा धरला होता म्हणाला. गायीचा विषय निघाला नाही. मी त्याला साखर थोडी जास्त घातली.

तो बसलेला असताना बनुबाई आली. ही कांदा काढणाऱ्या बायांची मुकादम. डोक्यावर गवताचा भारा, खाली फडक्याची वेटोळी चुंबळ. भारा टेकवला आणि आपणहून म्हणाली, नाना, तुमी टोप्या करता म्हनं. दाखवा की. मी गहिनीकूल-१ दिली. तिने ती चुंबळीवरच ठेवली. टोपी डोक्यापासून चार बोटे वर राहिली. चारही बाजूंनी हवा आरपार!

आणि मला सुचले. टोपी डोक्याला टेकताच कामा नये. खाली कापडाची चुंबळ, वर टोपी, मधे वारा. पाणी नको, पंखा नको. हा विचार मला बनुबाईच्या डोक्याकडे पाहताना आला, पण विचार माझाच.

बनुबाई म्हणाली, आमच्या बारा बायांना बारा करा. बारा! मी काही न विचारता! कारभारीने बनुबाईकडे पाहिले, बनुबाईने दुसरीकडे. त्याला असूया वाटली असणार.

१३ एप्रिल, रविवार

बारा टोप्या पूर्ण. शरिफाने तीन दिवस बाकीची कामे बाजूला ठेवली. मी म्हटले, तुमचा धंदा बुडेल. ती म्हणाली, राहू द्या भाऊ, ताईचा शब्द आहे. कसला शब्द ते मशीनच्या आवाजात ऐकू आले नाही.

बायांनी टोप्या नेल्या. अट एकच: रोज संध्याकाळी एकीने येऊन फीडबॅक द्यायचा. वहीत रकाने आखले. थंडपणा, कोरडेपणा, वजन, सूचना.

१८ एप्रिल, शुक्रवार

फीडबॅक नियमित चालू आहे. न चुकता एक बाई येते. पण ग्रामीण भागात सर्वेक्षण अवघड, हे खरे. मी विचारतो, टोपीत हवा खेळते का? बाई म्हणते, लई झ्याक. आन नाना, जेवला का? मी विचारतो, घाम किती टक्के कमी झाला? ती म्हणते, निम्मा. काय केलं हुतं आज? परवा आली तिने सरळ स्वयंपाकघरात डोकावून पातेल्याचे झाकण उघडून पाहिले. काल त्यांच्यातल्या बायडाबाईने वांग्याचे भरीत आणले. 

रकान्यांत लिहिले: सर्व समाधानी.

संध्याकाळ बरी जाते. मुद्दाम ओट्यावरचा दिवा आधीच लावून ठेवतो, म्हणजे त्यांना घर सापडेल. गाव लहान आहे, तरी.

कारभारी हल्ली वहिनी कधी येनार असे विचारत नाही. त्यालाही कळले असेल, आता कधीही येईल.

२१ एप्रिल, सोमवार

सत्यशीलाचा फोन. तिला पासबुक, आधार कार्ड आणि शिलाई मशीन हवे आहे. मशीन!

मला क्षणात उलगडा झाला. शरिफाने तिला टोप्यांचे सांगितले असणार. ती तिकडे गहिनीकूल शिवणार. पुणे शाखा! मी तिला म्हटले, नमुना पाठवू का? ती म्हणाली, कशाचा? मी म्हटले, कळेल. तिला भाव खायची सवय आहे.

मशीन स्वतः पुसले, तेल घातले, गोणपाटात बांधले. ओळखीचा टेम्पो निकिताच्या भागात, वाघोलीला जाणार होता, त्यात चढवले. सोबत नमुन्याला केलेली तेरावी टोपी ठेवली.

मशीन जिथे होते तिथे फरशीवर चार गोल डाग राहिले आहेत. घासले. गेले नाहीत.

२६ एप्रिल, शनिवार

आज शेतावर प्रत्यक्ष पाहणी करायला गेलो. न कळवता. काट्यावरही मी अशीच अचानक तपासणी करायचो.

दुपारी दोन. ऊन मी म्हणत होते. बारा बाया ओळीने वाकून कांदा उपटत होत्या. बाराजणींच्या डोक्यावर पदर. टोप्या बांधावर, लिंबाखाली, एकात एक घालून उलट्या. वरच्या टोपीत कोणीतरी हिरव्या मिरच्या ठेवल्या होत्या.

बनुबाईने मला पाहिले आणि ताठ उभी राहिली. बाकीच्यांनी टोप्यांकडे धाव घेतली. एकीने मिरच्यांसकट घातली.

मी म्हटले, घालत का नाही? बाया बनुबाईकडे बघू लागल्या. मग बनुबाई म्हणाली, नाना, राग धरू नका. वाकलं की टोपी फुडं येती. डोळं झाकती, कांदा दिसंना. पदर बरा, वला करून घेतला की गार लागतो.

मी म्हटले, वाकण्याची पद्धत चुकत असेल. टोपी घातली आणि एका वाफ्यात वाकलो. टोपी नाकावर आली. मागे सारली. पुन्हा आली. चौथ्या कांद्याला ती जमिनीवर पडली आणि मी तिच्यावर गुडघा टेकवला. चुंबळ निराळी, टोपी निराळी.

बाया हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरे झाले असते.

मी विचारले, मग रोज संध्याकाळी झ्याक, झ्याक कशाला सांगत होता? बनुबाईने पदराने तोंड पुसले. म्हणाली, ताईंचा फोन आल्ता. म्हनल्या, मानूस एकटं हाय. टोप्या घ्या त्यांच्या. आन सांजच्याला एकीनं डोकावत जा, जेवले का न्हाई ते बगा, मला कळवा.

कधी आला फोन, मी विचारले. ती म्हणाली, पाडवा झाला त्याच्या मागून.

घरी येताना विचार केला. म्हणजे मार्केटिंग सत्यशीलाने केले, असा याचा अर्थ. मोठ्या कंपन्यांतही हे खाते वेगळेच असते.

संध्याकाळी बाई आली. मी दार उघडले नाही. तिने खिडकीतून विचारले, जेवला का? मी आतून हो म्हटले.

२७ एप्रिल, रविवार

नोंद नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

फोन मी केला. आजवर तीच करायची, त्यामुळे नंबर शोधायला वेळ लागला.

विचारले, कधी येणार? ती म्हणाली, मी मुक्कामाला नाही येणार आता. अगदी साध्या आवाजात म्हणाली, दूध संपलंय म्हणावे तशी. निकिताच्या सोसायटीजवळ एका बाईचे कपडे आल्टर करायचे दुकान आहे, तिथे तिने पहिल्या तारखेपासून काम धरले आहे. बाळाला अर्धा दिवस पाळणाघरात ठेवणार.

मी विचारले, माझे काही चुकले का? ती म्हणाली, भांडण थोडंच आहे. मग थांबून म्हणाली, अहो, आपल्याकडे तुम्हाला काही वाटलं की तुम्ही उठून वहीत लिहायचात. मी समोर कणीक मळत असायचे. पेन चालताना दिसायचं. इतकं काय लिहितात, असं वाटायचं. एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, खासगी आहे.

मला हे आठवत नाही. पण मी असे म्हणालो असेन.

मी विचारले, मग बायांना कशाला पाठवलेस? ती म्हणाली, तुम्ही उपाशी राहाल म्हणून. ते निराळं आणि हे निराळं.

३ मे, शनिवार

वाघोलीला जाऊन आलो. ठरवले होते की तिला नीट समजावून आणायचे. मुद्दे वहीतल्या पानावर लिहून नेले होते. सात होते.

दुकान छोटे आहे. तिचे मशीन दाराजवळ, उजेडात. मला पाहून ती उठली. मालकिणीला म्हणाली, हे निकिताचे पप्पा. मला स्टूल दिले. म्हणाली, एवढा ब्लाउज देते, बसा.

बसलो. गिऱ्हाइके येत होती. एक मुलगी पँट घेऊन आली, सत्यशीलाने तिची कंबर मोजता मोजता काहीतरी म्हटले आणि दोघी मोठ्याने हसल्या. सत्यशीला एवढ्या मोठ्याने हसते हे मला माहीत नव्हते. बत्तीस वर्षांत घरात तसे काही घडले नसेल. किंवा मी काट्यावर असेन.

मी पाठवलेली टोपी कपाटावर होती. उलटी. तिच्यात रिळे. मी काही बोललो नाही. तिनेच सांगितले, रिळं गडगडत नाहीत, चुंबळ आहे ना आत.

दुपारी तिने डब्यातली अर्धी पोळी मला दिली. कागद खिशात होता. पहिला मुद्दा होता 'घर तुझेच आहे'. तो म्हणायला तोंड उघडले तर ती म्हणाली, बारीक झालात. मग मुद्दे राहिले.

स्टॉपवर सोडायला आली. म्हणाली, महिन्यातून एकदा येत जा, बाळाला पण ओळख राहील. मी विचारले, तू येशील का? ती म्हणाली, दिवाळीत बघू. बस आली. तिने खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि बस सुटायच्या आधीच वळली. दुकान उघडे होते, खरे आहे.

शिक्रापूरपर्यंत मी मनात म्हणत होतो की दिवाळी म्हणजे फार लांब नाही. त्यानंतर म्हणणे थांबले.

६ मे, मंगळवार

चारला कारभारी आला. मी दोन कप चहा केला आणि वही आत ठेवून बाहेर बसलो. हे आता तो गेल्यावर लिहितो आहे.

मी त्याला सरळ विचारले, तुलाही सत्यशीलानेच पाठवले होते ना? तो म्हणाला, वहिनींचा फोन आल्ता खरा. म्हनल्या, बाया जानार हायेत सांजच्याला, तुमी न्हाई गेला तरी चालंल. मी विचारले, मग का येत होतास? तो म्हणाला, मी कुनी सांगितलं म्हनून येत न्हाई नाना. साळूबाई गेल्यापून दुपारी घरात बसवत न्हाई. तिकडं भिताडाकडं बगायचं, तर हितं तुमच्याकडं बगतो.

साळूबाई म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन किती वर्षे झाली हे मला सांगता आले नसते. विचारले. सहा. मी तिच्या दहाव्यालाही गेलो नव्हतो, गळीत हंगाम चालू होता. हे तो बोलला नाही. माझ्याच लक्षात आले.

मग तो बोलत राहिला. तिचा दमा, नगरचा दवाखाना, मुलीचे सासर, ती बुजणारी गाय जी त्याने शेवटी स्वतःच ठेवून घेतली. सहा वाजले तरी बोलत होता. मी ऐकत होतो. इतका वेळ सलग मी कोणाचे ऐकल्याचे आठवत नाही. मधे तीन वेळा टोपीचा विषय काढावासा वाटला.

दोनदा काढला नाही.